तर्रीखालची भाजी

आमच्या घरात भाजी वाढायची एक रीत आहे. पळी गंजात नुसती बुडवायची नाही. आधी पळीच्या पाठीने वरची तर्री जराशी लोटायची, खालून फोडी उचलायच्या, ताटात ठेवायच्या आणि मग पुन्हा वरवरची लालभडक तर्री घेऊन त्यावर सोडायची. ज्याचा मान मोठा त्याच्या ताटात तर्री जास्त. जावई आला तर फोडी शोधाव्या लागतात. या घरात सून म्हणून आले त्याला सव्वीस वर्षं झाली. पहिल्या पंधरवड्यात सासूबाईंनी दुसरं काही शिकवलं असेल-नसेल, पण ही पळी हातात धरून शिकवली.

गेल्या भाद्रपदापासून मी ती पळी उलटी चालवते आहे. तर्री लोटते, खालची भाजी घेते आणि तर्री परत मिटायच्या आत पळी बाहेर काढते. पाहायला एवढीशी गोष्ट. मला ती जमायला पाच महिने लागले.

सुरुवात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाली. श्रावण सुटलेला, महिनाभर वांगंसुद्धा वर्ज्य, त्यामुळे घरोघरी मटण. पोरं लाकडी नंदी घेऊन तान्ह्या पोळ्याला गेलेली आणि चुलीवर सावजी पद्धतीचा रस्सा. नागपूरच्या कोष्टी विणकरांच्या घरातलं हे जेवण आता साऱ्या विदर्भाने आपलं म्हणून टाकलं आहे, तसं ते आमच्याही घरात आलं. काळा मसाला, जवसाचं तेल, वर बोटभर तर्री. मी दोनदा घेतली.

रात्री दीडच्या सुमारास उजव्या बरगडीखाली कोणीतरी मूठ आवळावी तसं झालं. ती मूठ सुटेना. कळ पाठीत शिरून उजव्या खवाट्यापर्यंत गेली. उभं राहवेना, आडवं होववेना. सासूबाईंनी ओवा आणि काळं मीठ दिलं, ह्यांनी सोडा दिला. "वायगोळा असन," सासूबाई म्हणाल्या. दोन वर्षांपासून अधूनमधून हा वायगोळा येतच होता आणि दोन वर्षं मी त्याला गॅस म्हणत होते. पहाटे गाडी करून गेलो. सोनोग्राफी झाली. गॅस नव्हता, पित्ताशयात खडे होते, पुष्कळ.

डॉक्टरांनी वय विचारलं, लेकरं किती ते विचारलं आणि जरा हसले. नंतर तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं की डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांना एक जुनं सूत्र पाठ असतं, या खड्यांचा रोगी कसा असतो त्याचं: बाई माणूस, चाळिशीच्या घरातली, अंगाने भरलेली, लेकुरवाळी. आरशात पाहून लिहिल्यासारखं होतं.

घरी आले तर बातमी माझ्याआधी पोचलेली. गावात आजार एकट्याचा नसतोच. एकीने कुळथाचं पाणी सांगितलं, दुसरीने पानफुटीची पानं आणून दिली, कोणाच्या तरी भाच्याचे खडे लघवीवाटे पडून गेले होते. त्या सगळ्यांना मुतखडा माहीत होता आणि खडा म्हटल्यावर तो मुतखडाच असणार हे त्यांनी धरून चाललं होतं. मुतखड्याला बाहेर पडायला वाट तरी असते. पित्ताशयातला खडा हलला तर नळीत अडकतो, मग कावीळ होते किंवा स्वादुपिंड सुजतं. म्हणून नुसते खडे काढत नाहीत, थैलीच काढतात, कारण थैली ठेवली की तिच्यात पुन्हा खडे धरतात. हे मी प्रत्येकीला सांगितलं. प्रत्येकीने ऐकून घेतलं आणि पानफुटी ठेवून गेली.

दुसरा घोटाळा पित्त या शब्दाचा. आपल्याकडे आंबट ढेकर आली की पित्त, डोकं दुखलं की पित्त, अंगावर गांध्या उठल्या तरी पित्तच. आंबट ढेकर ही जठरातल्या आम्लाची करणी. खरा पित्तरस यकृतात तयार होतो आणि त्याचं काम तेल-तूप फोडून पचण्याजोगं करणं. पण हे कोणाला सांगणार? शेजारच्या काकू म्हणाल्या, "बरं झालं वो, पित्तच काढून टाकलं तं आता अॅसिडिटीची कटकट गेली." आणि आमचे हे, ज्यांना विनोद वर्षातून दोनदा सुचतो, ते पाहुण्यांसमोर म्हणाले, "थैली काढली, पण पित्त खवळायचं काही राहिलं नाही."

शस्त्रक्रियेचं फार सांगत नाही. पोटाला चार लहान छिद्रं, तिसऱ्या दिवशी घरी. माझ्या आत्याचं हेच ऑपरेशन जुन्या काळात झालं होतं. बरगडीखालून तिरपा वीतभर चिरा, दहा-बारा दिवस दवाखाना, आणि पुढे जन्मभर लुगडं नेसताना ती व्रणावर हात ठेवायची. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय पहिल्यांदा काढलं ते १९९० साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडियांनी. आत्याला ते थोडं उशिराच झालं. मला मात्र चार टिकल्यांएवढ्या खुणांवर सुटका मिळाली. एका गोष्टीची कोणी आगाऊ कल्पना दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी पोट सोडून खांदा ठणकायला लागला. हार्ट अटॅक म्हणून मी मनातल्या मनात लेकीच्या लग्नाची व्यवस्था लावून मोकळी झाले. पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे छाती आणि पोटामधल्या पडद्याला त्रास होतो आणि तो खांद्यात दुखतो, दोन दिवसांत जातो, असं नंतर कळलं. गेला.

खडे एका छोट्या बाटलीत घालून दिले. पोराने मोजले, तेवीस. ज्वारीच्या दाण्यापासून तुरीच्या दाण्यापर्यंत सगळे आकार. सासूबाईंनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "एवढं पीक घेतलं अन् आम्हाले पत्ता नाही."

आता मूळ गोष्टीकडे येते. दवाखान्यातून निघताना मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, तिखट किती दिवस बंद?" ते कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, "तिखटाचं एवढं नाही हो बाई. तेलाचं बघा. तेल-तूप कमी, एका वेळी थोडं थोडं खा. तिखट हळूहळू वाढवा, पोट सांगेल तसं." मी मान डोलवली. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की मला काहीच कळलेलं नाही. माझ्या स्वयंपाकघरात तिखट आणि तेल या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच.

पाहा ना. आम्ही तिखट घालतो ते तेलात. तेल तापतं, त्यात लसूण, त्यात मसाला, गॅस बारीक करून तिखट, आणि तेल सुटेपर्यंत परतणं. तेल सुटलं म्हणजे भाजी झाली. फिकी भाजी आणि कमी तेलाची भाजी हे आमच्याकडे एकच दूषण आहे. झणझणीत म्हणायचं असलं की आम्ही तिखटाचं नाव घेत नाही, "तर्रीदार" म्हणतो.

माझं माहेर भिवापूर तालुक्यातलं. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात फोटो वगैरे आले होते. आमच्या भागात मात्र ती मिरची अगोदरपासूनच कमी होत चाललेली; हायब्रीड वाण आले, सोयाबीन आलं. आम्ही सासरी अजून अर्धा एकर लावतो, माहेरच्या बियाण्याची, आणि दरवर्षी ह्यांच्याशी त्यावरून वाद होतो. माझी आई लग्नाआधीपासून सातऱ्यावर जायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सातरा म्हणजे उघड्या माळावर मिरची पसरलेली असते ती जागा. बाया दिवसभर उकिडव्या बसून एकेका मिरचीचं देठ खुडतात आणि किलोवर मजुरी मिळते. संध्याकाळी आई घरी यायची तेव्हा आम्ही लेकरं तिच्याजवळ जायचो नाही. ती आधी ओसरीत बसायची, हाताला जवसाचं तेल चोळायची, कोपरापर्यंत, चांगलं पाच-सात मिनिटं, मग राखेने हात घासायची, मग पाणी. एकदा मी विचारलं, आधी पाण्यानेच धुवून टाक ना. म्हणाली, "पाण्यानं मिरची जात नाही पोरी, पसरते."

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मिरचीतलं जे जळतं ते कॅप्सायसिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून तोंड पोळल्यावर तांब्याभर पाणी प्यायलं तरी उतार पडत नाही आणि दूध-ताकाने पडतो. म्हणूनच तर्री लाल. मिरचीचा रंग आणि जाळ दोन्ही तेलावर स्वार होऊन वर येतात, खाली उरतो तो रस्सा त्या मानाने गरीब असतो. आईच्या हातावरून मिरची उतरवायचं तेच तेल, आणि माझ्या गंजात मिरची वर आणून ठेवायचंही तेच.

खरं तर मिरची काही जाळत नाही. तोंडात, आतड्यात, कातडीत उष्णता ओळखणारे जे ग्राहक (रिसेप्टर) असतात, साधारण ४३ अंशांच्या वरचा चटका ओळखणारे, ते ती फसवून उघडते. शरीराला वाटतं, भाजलं. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञाने १९९७ साली हा ग्राहक शोधून काढला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. पक्ष्यांच्या अंगातला ग्राहक मात्र मिरचीला फसत नाही. आमच्या वावरात पोपट पिकल्या मिरच्या खुशाल फोडून खातात, बी टाकतात, डबे वाजवून हाकलावं लागतं. आणि ऑपरेशननंतर वाचायला वेळ होता तेव्हा कळलं की बहुतेक पोपटांना पित्ताशयही नसतं. एका सकाळी बांधावर बसून मी त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. हाकललं मात्र तरीही.

तर डॉक्टरांचं म्हणणं मी माझ्या भाषेत असं लावून घेतलं. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्तरस काढतं. पित्ताशय म्हणजे विहिरीवरचा हौद. त्यात मावतो जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर, पण तो आटवून घट्ट केलेला. पोटात तेलकट काही आलं की हौदाचं तोंड उघडतं आणि एकदम पाट सुटतो. आता हौद फोडून टाकला. पाणी तेवढंच आहे, पण ठिबक लागलं. रात्रंदिवस थेंब थेंब. थोड्या तेलाला तेवढं पुरतं, पण बोटभर तर्री एकदम आली की ठिबकच्या नळीवर पऱ्हाटीचं अख्खं वावर ओलवायला काढल्यासारखं होतं. शिवाय पोटात अन्न नसतानाही पित्तरस टिपकतच असतो, काहींच्या आतड्याला तो झोंबतो आणि जुलाब लागतात. बहुतेकांचं शरीर हळूहळू सवय करून घेतं. हे ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग ठिबकवर सबसिडी मिळाली का?" वर्षातला दुसरा विनोद.

पहिले दहा दिवस पेज, वरणाचं पाणी, मुगाची मऊ खिचडी, ताक. मग दोडकं, लौकी, भाकरीचा पापुद्रा. मी इथे खोटं बोलणार नाही. आजारपणानंतर साध्या अन्नाची चव कशी उमगते यावर लोक फार हळवं लिहितात. वरणाला चव असते, हे खरं. आमच्याच वावरातल्या तुरीचं वरण मी पहिल्यांदा नीट चाखलं, त्याला एक भाजक्या मातीसारखा मागचा स्वाद असतो. चौथ्या दिवशी तोच स्वाद पुन्हा आला. आठव्या दिवशीही आला. फिकं ते फिकंच.

आणि फिक्याचा गंज वेगळा. ते जास्त लागलं. सासूबाई माझ्यासाठी चुलीच्या कडेला छोटं गंजुलं मांडायच्या. सगळ्यांची पंगत बसायची, मोठा गंज मध्ये, आणि माझं गंजुलं माझ्यासमोर. कोणी काही बोलत नव्हतं. सव्वीस वर्षांत या घरात माझ्यासाठी वेगळं शिजलं ते फक्त दोन बाळंतपणांत.

ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी लागली. वजन उचलायची मनाई होती, पण वावरात जाऊन बसायला हरकत नव्हती. दुपारी कडुनिंबाखाली बायांचे डबे उघडले. शिदोरीची रीत कोणाला सांगायला नको: डबा आपला असतो, भाजी सगळ्यांची. एकीचा झुणका दुसरीच्या भाकरीवर, तिसरीची वाळल्या मिरचीची चटणी सगळ्यांच्या भाकरींवर. माझ्या डब्यात लौकी होती, हळद-मिठाची. डबा एका हातातून दुसऱ्या हातात गेला, पूर्ण गोल फिरला आणि जसाच्या तसा माझ्याकडे आला. आमच्याकडे वीस वर्षं कामाला येणाऱ्या एका मावशींनी आत डोकावून पाहिलं होतं. "बाळंतिणीचं जेवण हाय का काय वो?" सगळ्या हसल्या. मीही हसले. त्यांनी मला काही दिलं नाही, माझ्या काळजीने; आणि माझ्यातलं काही घेतलं नाही, स्वतःच्या काळजीने. घरी येऊन मी ठरवलं की आता पुरे.

दुधाच्या हिशोबाची एक वही होती, तिच्या मागच्या पानांपासून मी लिहायला घेतलं. त्यातलंच थोडं उतरवते.

"सोमवार. वरणात अर्धी हिरवी मिरची, चिरा देऊन, उकळी आली की काढून टाकली. काही नाही."

"गुरुवार. मिरची काढली नाही. खाल्ली. काही नाही. जिभेला बरं वाटलं."

"रविवार. चुलीत भाजलेली मिरची, मीठ, भाकर. छातीत जरा जळजळ. ताक घेतलं."

"बुधवार. तीच मिरची, सोबत फोडणीचं वरण, तेल एक चमचा. ठीक."

"दिवाळी. चकल्या चार. पुढचं लिहीत नाही."

चकलीत तिखट नावापुरतं होतं. ही वहीतली पहिली खूण. दुसरी खूण नोव्हेंबरात मिळाली आणि चांगली महाग पडली. तालुक्याला बँकेचं काम होतं. आदल्या दिवशी मी घरी तीन भाजल्या मिरच्यांचा ठेचा खाल्ला होता, तेल न घालता, आणि झोप छान लागली होती. त्या भरवशावर स्टँडसमोर तर्री पोहे घेतले. पोहेवाल्याचा काही दोष नाही, तो सगळ्यांना देतो तसेच त्याने दिले: पोहे, वर चण्याचा रस्सा, वर तर्रीची अख्खी पळी. तिखट म्हणाल तर ठेच्याच्या पासंगालाही नव्हतं. बस सुटली आणि तिसऱ्या किलोमीटरला पोटाने आवाज दिला. पुढचे सोळा किलोमीटर मी जगातल्या सगळ्या देवांना आणि एसटीच्या ड्रायव्हरला हात जोडत काढले. त्याने एका पांदणीजवळ गाडी थांबवली. तो भला माणूस. कारण विचारलं नाही.

त्या रात्री वहीत लिहिलं: "मिरची सुटली. तेल सापडलं."

हे जरा जास्तच झालं. मिरची निर्दोष सुटली असं नाही. ठेचा दोनाऐवजी चार बोटं खाल्ला की सकाळी तिचा हिशोब ती वेगळा मागते. उष्णतेचे ते ग्राहक फक्त तोंडातच नसतात, वाट संपेपर्यंत असतात. पण मिरचीचा त्रास येतो, झोंबतो आणि जातो. तेलाचा त्रास ठाण मांडून बसतो, पोट जड, मळमळ, मग धाव. आणि दोघं एकत्र आले तर मिरचीला तेलावर बसून दूरवर जाता येतं. निदान माझ्या पोटात तरी असंच होतं. दुसऱ्याच्या पोटाची हमी मी घेत नाही. शेजारच्या गावातल्या एका गुरुजींचंही हेच ऑपरेशन झालं, ते महिन्याभरात सावजी मटण खाऊन ढेकर देत होते. काहींना नशीब थैलीशिवायही साथ देतं.

मग माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर: मिरचीला तेलावरून खाली कसं उतरवायचं. ताकात मिरची. कढीत ठेचलेली मिरची, लसूण आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे सांबार म्हटलं की पुण्याचे पाहुणे इडली शोधतात. तुरीच्या शेंगा भरल्या तसे सोले आले. सोल्यांची आमटी मी वाटणात मिरची घालून नुसतीच उकळली. तेलाविना मिरचीची चव निराळी असते. ती जिभेच्या शेंड्यालाच डसते, हिरवी, उघडी, आणि चटकन जाते. तर्रीतली मिरची घशात रेंगाळते, कानापर्यंत चढते. मला दुसरी अजूनही जास्त आवडते. काय करू.

आणि उपाय शेवटी सासूबाईंनीच काढला, न सांगता. मार्गशीर्षात एका संध्याकाळी पाहते तर चुलीवर एकच गंज. माझं गंजुलं कुठे दिसेना. मी विचारलं तर पाठमोऱ्याच म्हणाल्या, "दोन दोन गंज मांडायले माह्याच्यानं होत नाही आता." गोळाभात होता. बेसनाचे गोळे भातात शिजवलेले. आणि कढल्यात वेगळं तेल तापवून त्यात लसूण, लाल मिरच्या, मोहरी, हिंग. प्रत्येकाने आपल्या भातावर आपल्याला हवं तेवढं घालून घ्यायचं. म्हणजे आम्ही गोळाभात जसा पिढ्यान् पिढ्या खातो तसाच! वरून तेल घ्यायची रीत आमच्याच घरात होती, वडाभातावर होती, पातोडीवर होती, खिचडीवर होती, आणि मी तीन महिने वहीत प्रयोग मांडत बसले होते. मी त्या तेलातली एक लाल मिरची चमच्याने उचलली, तेल निथळू दिलं आणि भातात कुस्करली. सासूबाई पाहत होत्या. "अजून एक घे," म्हणाल्या. मी घेतली.

तेव्हापासून झुणका, पातोडी, वरण, भात, सगळ्याला तेल वरून. पूर्वी १५ किलोचा तेलाचा पिपा आमच्या सहा माणसांना अडीच महिने जायचा, आता साडेतीनला आला आहे. ह्यांना याचं कौतुक तेलाच्या भावामुळे. मटणाला आणि लग्नातल्या भाजीला मात्र ही युक्ती लागू नाही, तिथे मसालाच तेलात परतलेला. तिथे मी पळी उलटी चालवते. पहिल्यांदा एका तेरवीला पंगतीत तसं केलं तेव्हा वाढणारा पोरगा गोंधळला. "काकू, तर्री देऊ ना?" "खालची दे बाबा." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की माझं त्या घराशी काही वैर आहे.

माघात लाल मिरचीचा तोडा लागला. अर्धा एकर, आठ बाया, सकाळपासून. पोपट वेगळे. आदल्या रात्री मी ओल्या लाल मिरच्या आणून विस्तवावर भाजल्या, साल काळी पडेपर्यंत. लसणाच्या दोन गड्ड्या, मीठ, सांबार, थोडी चिंच. खलबत्त्यात जाडसर कुटलं. तेलाचा थेंब नाही. ठसक्याने सगळं घर ओसरीत आलं.

दुपारी कडुनिंबाखाली डबे उघडले. माझा डबा फिरायला निघाला. मावशींनी हातात घेतला, आत पाहिलं, मग माझ्याकडे.

"तेल टाकायचं विसरली का काय वो सूनबाई?"

"नाही मावशी. असाच आहे."

"हे काय लागन मग..." म्हणत त्यांनी भाकरीच्या तुकड्यावर चांगला बोराएवढा ठेचा घेतला आणि तोंडात टाकला. दोन घास चावल्या. मग थांबल्या. डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं, आणि असा ठसका लागला की शेजारच्या बाईने पाठीवर थापट्या मारायला सुरुवात केली. मावशी हातानेच पाण्याची बाटली मागत होत्या.

"पाणी नको," मी म्हटलं. "पसरते." आणि माझ्या ताकाची बरणी पुढे केली.

त्यांनी अर्धी बरणी एका दमात रिकामी केली. पदराने डोळे पुसले, मग नाक. बाकीच्या सातजणी भाकरी हातात धरून बघत बसल्या होत्या. मावशींनी एक लांब श्वास सोडला आणि आपली भाकर माझ्या डब्याकडे सरकवली.

"टाक अजून," म्हणाल्या. "अन् ह्यायलेही दे."